रुपया एकास एक होता तो गोव्याच्या रुपयाशी, डॉलरशी नव्हे

माननीय संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतेच एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात ‘1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आणि आज आपण कुठे येऊन पडलो’ असे विधान आहे. हे विधान एकट्या त्या पत्रलेखकाचे नाही. दर वर्षी स्वातंत्र्यदिन जवळ आला की ते भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचते, वक्तृत्व स्पर्धेत मुले ते ठासून सांगतात, आणि बेळगाव-खानापूर भागातील एका शाळेच्या दर्शनी फळ्यावर ते सुवाच्य अक्षरात लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून पत्र थोडे लांबले तरी सविस्तर लिहीत आहे. हे विधान चुकीचे आहे, आणि ते ज्या हिशेबाने चुकीचे ठरते तो हिशेब सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे.

1947 साली रुपयाचा थेट संबंध डॉलरशी नव्हता, तो ब्रिटिश पौंडाशी होता. 1927 च्या चलनविषयक कायद्याने एका रुपयाची किंमत एक शिलिंग सहा पेन्स ठरवण्यात आली होती. एका शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे एका रुपयाचे अठरा पेन्स झाले. पौंडाचे पेन्स 240. तेव्हा 240 ला 18 ने भागले की एका पौंडाला 13 पूर्णांक एक तृतीयांश रुपये येतात, आणि जुन्या नाण्यांच्या भाषेत ते 13 रुपये 5 आणे 4 पै होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभापासून 1949 पर्यंत एका पौंडाला 4 डॉलर 3 सेंट असा सरकारी दर होता. आता 13.33 ला 4.03 ने भागावे. उत्तर येते 3 रुपये 31 पैसे, किंवा त्या काळच्या हिशेबाने 3 रुपये 4 आणे 11 पै. स्वातंत्र्याच्या दिवशी एका डॉलरची किंमत ही होती.

कोणाला हा केवळ कागदावरचा भागाकार वाटेल, म्हणून दुसरा पुरावा देतो. भारत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा संस्थापक सदस्य होता, आणि हा निधी स्थापण्याचे जेथे ठरले त्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेस गेलेल्या आपल्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, जे तेव्हा रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून काम पाहत होते. या निधीकडे प्रत्येक सदस्य देशाने आपल्या चलनाची अधिकृत किंमत कळवायची होती. 1946 च्या अखेरीस रुपयाची जी किंमत तेथे नोंदवली गेली ती 30.225 अमेरिकन सेंट इतकी होती. रुपयाला तीस सेंट म्हणजे डॉलरचा एक तृतीयांशही भाग नाही. ही नोंद स्वातंत्र्याच्या आठ महिने आधीची असून 1949 च्या सप्टेंबरपर्यंत तिच्यात बदल झाला नाही.

या विधानाच्या जोडीला नेहमी एक कारणही दिले जाते: तेव्हा देशावर कर्ज नव्हते, म्हणून रुपया डॉलरबरोबर होता. कर्ज नव्हते ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे; उलट महायुद्धात हिंदुस्थानने पुरवलेल्या माल व सेवांपोटी ब्रिटनच आपला ऋणको झालेला होता. ऑगस्ट 1947 मधील करारात या पौंड शिलकेचा आकडा सुमारे 116 कोटी पौंड होता, आणि त्या वेळच्या दराने ती रक्कम सुमारे 1,547 कोटी रुपये होते. (116 ला 13.33 ने गुणून पाहावे, म्हणजे वर दिलेल्या दराचीही खातरजमा होते.) परंतु देणे नसले म्हणजे चलने आपोआप समान होतात असा कोणताही नियम अर्थशास्त्रात नाही. चलनाचे एक परिमाण किती मोठे धरायचे ही मुळात ठरवण्याची बाब आहे. ब्रिटनवर डोंगराएवढे कर्ज असताना त्याचा पौंड चार डॉलरचा होता आणि आपली शिल्लक असताना आपला रुपया तीस सेंटांचा होता, एवढ्या एका गोष्टीने तो तर्क मोडून पडतो.

याहून धाडसी असाही एक मजकूर फिरतो, की 1917 साली एका रुपयाला तेरा डॉलर मिळत. वास्तविक पहिल्या महायुद्धापूर्वी रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा होता, पौंडाला 15 रुपये पडत, आणि त्या हिशेबाने एका डॉलरला तीन रुपयांहून थोडे अधिक द्यावे लागत. 1917 मध्ये चांदी महाग झाल्याने रुपया किंचित वर सरकला, पण तीनाच्या आसपास राहिला. तेराचा आकडा कोठून आला असेल याविषयी माझा अंदाज असा, की पुढे एका पौंडाला जे सव्वातेरा रुपयांच्या आसपास पडू लागले तोच आकडा कोणीतरी उलटा करून डॉलरला चिकटवला असावा. विसाव्या शतकात रुपया कागदोपत्री सर्वांत वर गेला तो 1920 साली, जेव्हा सरकारने त्याची किंमत सोन्याच्या दोन शिलिंगांइतकी, म्हणजे सॉव्हरिनला (एक पौंडाच्या सोन्याच्या नाण्याला) 10 रुपये अशी ठरवली. तो दर टिकला नाही. टिकला असता तरीही डॉलरला दोन रुपये पडलेच असते.

संपूर्ण इतिहासात रुपया डॉलरच्या बरोबरीला कधीच आला नाही का, असे कोणी विचारले तर मात्र एक अपवाद सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील सरकारने सोन्यात न बदलता येणारे कागदी डॉलर काढले होते, आणि 1864 च्या उन्हाळ्यात त्यांची सोन्यातील किंमत निम्म्याहूनही खाली घसरली. रुपया त्या वेळी दोन शिलिंगांच्या आसपास होता. ही दोन टोके जोडून गणित मांडले तर त्या काही महिन्यांत रुपया कागदी डॉलरच्या बरोबरीला, किंबहुना वर येतो. धारवाड-बेळगावच्या कापसाला ज्या युद्धाने सोन्याचे दिवस दाखवले, त्याच युद्धाने अमेरिकेची कागदी नोट पाडली होती. परंतु तो अमेरिकेच्या संकटाचा काळ होता. 1947 च्या दाव्याला त्याचा काडीचाही आधार मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रुपया ‘वर’ असणे म्हणजे देशाचे भले आणि ‘खाली’ असणे म्हणजे देशाची नामुष्की, असे समीकरण या विधानामागे गृहीत धरलेले असते. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास या समीकरणाच्या विरुद्ध साक्ष देतो. 1926 साली चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने रुपया एक शिलिंग सहा पेन्सांवर पक्का करावा अशी शिफारस केली, तेव्हा आयोगाचेच एक सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून तो एक शिलिंग चार पेन्सांवरच असावा असे आग्रहाने मांडले. दोन पेन्सांचा हा वाद त्या काळी देशभर गाजला, कारण त्या दोन पेन्सांत शेतकऱ्याच्या घरचे मीठ-मिरचीचे पैसे अडकलेले होते. बैलहोंगल किंवा गोकाककडचा कापूस विलायतेत 100 पौंडांना विकला गेला असे समजा. एक शिलिंग चार पेन्सांच्या दराने त्याचे 1,500 रुपये होत. सहा पेन्सांच्या दराने 1,333 रुपये 5 आणे 4 पै. माल तोच, गिऱ्हाईक तेच आणि विलायतेतली किंमतही तीच, तरी 166 रुपये 10 आणे 8 पै हुंडणावळीतच, म्हणजे चलनाच्या अदलाबदलीतच, गेले. इकडे शेतसारा मात्र रुपयांत ठरलेला होता, सावकाराचे व्याज रुपयांत ठरलेले होते, आणि त्यात एक पैही कमी होणार नव्हती. अर्थात व्यापारी आणि अडत्या हा फरक एकट्याने सोसत नाही. तो शेवटी शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या भावातून वळता होतो. रुपया ‘बळकट’ झाला आणि पिकवणारा दुबळा झाला, असा तो प्रकार होता. पुढे 1931 मध्ये जागतिक मंदी ऐन भरात असताना ब्रिटनने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला आणि आपल्याला पौंडाला बांधूनच ठेवले. शेतमालाचे भाव कोसळत असताना सहा पेन्सांचा दर जसाच्या तसा राखला गेला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. रुपया खाली गेला की आयात महाग होते, महागाई वाढते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याची मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात परदेशी चलनाशी असलेल्या दरापेक्षा रुपयाची देशातील खरेदीशक्ती स्थिर राहण्याला अधिक महत्त्व दिले. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने प्रश्न इतका नेमका पकडला होता, आणि आज आपण आपल्या मुलांना ‘एक रुपया बरोबर एक डॉलर’ एवढेच पाठ करायला देत आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एकास एक दराची खरी गोष्ट सांगायची असेल तर बेळगावकरांना अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पलीकडे, घाट उतरला की दुसरे राज्य होते, दुसरा झेंडा होता आणि दुसरे चलनही होते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्याचा रुपया, ज्याला तेथे ‘रुपिया’ म्हणत, हाच आपल्या भागातील माणसाने प्रत्यक्ष हाताळलेला परदेशी पैसा होय. डॉलर त्या काळी येथे कोणी पाहिलाही नसेल. आणि या रुपियाचा दर आपल्या रुपयाशी खरोखरच एकास एक होता.

हे घडले 26 डिसेंबर 1878 रोजी झालेल्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहामुळे, जो 1880 च्या जानेवारीपासून अमलात आला. या तहाने दोन्ही प्रदेशांतील जकातीची भिंत काढून टाकली, गोव्यातील मिठाचा मक्ता ब्रिटिशांच्या हाती दिला, मुरगावच्या बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतच्या आणि पुढे लोंढ्यामार्गे आपल्या भागाला जोडणाऱ्या लोहमार्गाचा पाया घातला, आणि त्याचबरोबर गोव्याचे नाणे ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्याशी जुळवून घेतले. पोर्तुगालचा राजा लुईश याची मुद्रा असलेले 1881 चे रुपिये ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत पाडले गेले. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि चांदीचा कस बाराव्या हिश्शाला अकरा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचे वजन आणि कस नेमके तेच. आपल्या रुपयाचे सोळा आणे, तर रुपियाच्या सोळा तांगा. मुखवटा निराळा असला तरी आतली चांदी एकच होती, म्हणून सराफाच्या तराजूत दोन्ही नाणी सारखीच उतरत.

तो तह बारा वर्षांनी, 1892 च्या जानेवारीत संपला. जकात नाकी पुन्हा उभी राहिली, पण नाण्यांची बरोबरी तशीच राहिली, आणि ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कारण पोर्तुगालच्या स्वतःच्या चलनाची पुढल्या काळात मोठी पडझड झाली, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत. तरी गोव्याचा रुपिया लिस्बनच्या एस्कुदोमागे गेला नाही, तो मुंबई-कलकत्त्याच्या रुपयामागे राहिला. झेंडा लिस्बनचा असला तरी तांदूळ, कापड, भाजीपाला आणि मुंबईतून येणारी मनीऑर्डर या सगळ्यांचा व्यवहार घाटाच्या या बाजूशी होता, आणि चलन शेवटी व्यवहारामागे जाते.

याचा एक सुरेख पुरावा 1949 च्या घडामोडीत सापडतो. त्या वर्षी पौंडाबरोबर आपल्या रुपयाचेही अवमूल्यन होऊन तो 30.225 सेंटांवरून 21 सेंटांवर आला, म्हणजे डॉलरला 4 रुपये 76 पैसे पडू लागले. पोर्तुगालचा एस्कुदो मात्र तुलनेने थोडाच घसरला आणि डॉलरला 28.75 एस्कुदो असा त्याचा दर झाला. 28.75 ला 4.76 ने भागले की 6.04 येतात: एका भारतीय रुपयाला जवळपास नेमके सहा एस्कुदो. पुढे 1958 मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील रुपिया बंद करून तेथे एस्कुदो आणला, तेव्हा बदलीचा दर ठरला एका रुपियाला सहा एस्कुदो. रुपिया अखेरपर्यंत आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालत आला होता हे या एका आकड्यावरून सिद्ध होते. अवमूल्यन दिल्लीने केले आणि पणजीतले नाणेही त्याबरोबर खाली आले.

नवी व्यवस्था आणतानाही जुना हिशेब लोकांच्या डोक्यातून जाणार नाही हे तेथील राज्यकर्त्यांना ठाऊक होते, आणि ते त्या नोटांवरच दिसते. 2 जानेवारी 1959 ही तारीख आणि गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क याचे चित्र असलेल्या, बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या या नोटा 30, 60, 100, 300, 600 आणि 1,000 एस्कुदोंच्या होत्या. तीस आणि साठ, तीनशे आणि सहाशे असे आकडे नोटांसाठी सहसा कोणी निवडत नाही. पण सहाने भागून पाहिले की 5, 10, 50 आणि 100 रुपये समोर येतात! रुपयाचा हिशेब करणाऱ्या म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या दुकानदाराला मोड देताना अडचण येऊ नये म्हणून परदेशी सरकारला आपल्या नोटा रुपयाच्या मापाने छापाव्या लागल्या. बेळगावात जुनी नाणी-नोटा जमवणारे कोणी असतील तर त्यांनी अशी साठ एस्कुदोंची एखादी नोट शाळेत नेऊन दाखवावी; विनिमय दर म्हणजे काय हे मुलांना त्या एका नोटेवरून जितके कळेल तितके भ्रमणध्वनीवरच्या शंभर संदेशांतून कळणार नाही.

त्या नोटा फार काळ चालल्या नाहीत. 1955 पासून भारत सरकारने केलेल्या आर्थिक नाकेबंदीमुळे कॅसलरॉकवरून जाणारी गाडी बंद झालेलीच होती आणि उघड व्यापार थांबलेला होता. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतर भारतीय रुपया तेथील अधिकृत चलन बनला. सीमेवरचा आमचा परदेशी पैसा तेथे संपला.

दर समान असणे आणि तो समान राहणे यांत किती अंतर असते, याचे दुसरे उदाहरण त्याच दशकातले आहे. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांचे रुपये प्रारंभी एकास एक होते. 1949 च्या सप्टेंबरात भारताने अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि रातोरात 100 पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये असा हिशेब झाला. भारताने हा दर मान्य करण्यास नकार दिला आणि पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. पाकिस्तानने 1955 मध्ये स्वतःचे अवमूल्यन करून पुन्हा बरोबरी गाठली. सहा वर्षे पाकिस्तानचा रुपया आपल्याहून ‘वरचढ’ होता. त्यामुळे तो देश आपल्याहून संपन्न होता असे कोणी म्हणणार आहे का?

पुढचा इतिहास तुलनेने सर्वांना परिचित आहे, पण त्यातही आकड्यांची एक गफलत वारंवार होते. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून 7 रुपये 50 पैशांवर गेला. काही लेखांत हे अवमूल्यन 36.5 टक्के दिलेले असते, काहींत 57.5 टक्के, आणि वाचकाला वाटते की कोणीतरी एकजण चुकत आहे. दोघेही बरोबर आहेत. रुपयाची किंमत 21 सेंटांवरून 13.33 सेंटांवर आली, ही घट 36.5 टक्के, आणि त्यामुळे डॉलर विकत घेणाऱ्याला मोजावी लागणारी रक्कम वाढली ती 57.5 टक्के. कोणत्या बाजूने मोजले आहे हे लिहिले नाही तर खरा आकडाही दिशाभूल करतो. त्यानंतर 1971 मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, 1975 च्या सप्टेंबरात आपण पौंडाची साथ सोडून अनेक चलनांच्या गटाशी रुपया जोडला, जुलै 1991 च्या पहिल्या आणि तिसऱ्या तारखेला दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, आणि 1993 च्या मार्चपासून दर बाजारात ठरू लागला. तेव्हा डॉलरला सुमारे 31 रुपये पडत. 2022 मध्ये त्याने ऐंशीचा टप्पा ओलांडला. ही घसरण मी नाकारत नाही आणि तिचे समर्थनही करत नाही. तिच्यामागे आपली महागाई, तेलाची आयात, सरकारी तूट अशी खरी कारणे आहेत आणि त्यांवर कठोर चर्चा झालीच पाहिजे. पण ती चर्चा 3 रुपये 31 पैशांपासून सुरू व्हावी, एक रुपयापासून नव्हे.

आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. 1939 पासून पुढली कित्येक दशके जो दर आपण वाचतो तो सरकारी दर आहे. तो दर अस्तित्वात होता याचा अर्थ कोणीही बँकेत जाऊन पावणेपाच रुपये टाकावेत आणि डॉलर घेऊन बाहेर पडावे, असा नव्हता. परकीय चलन रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आणि परवानगीनेच मिळे. यंत्रसामग्री मागवणाऱ्या कारखानदाराला आयात परवाना आणि चलनाची मंजुरी अशा दोन्ही दारांतून जावे लागे. उद्यमबागेतील एखाद्या ओतशाळेचा मालक आज युरोपातून यंत्र मागवतो किंवा आपले ओतकाम परदेशी पाठवतो, तेव्हा तो सकाळी दर पाहतो आणि दुपारी सौदा पक्का करतो. डॉलर महाग झाला तर त्याच्या निर्यातीला लाभ होतो, आणि त्याच दिवशी आफ्रिकेतून कच्चा काजू आणणाऱ्या चंदगड-बेळगावकडच्या कारखानदाराचा खर्च वाढतो. एकाच गावातील दोन कारखान्यांना एकाच दराचे दोन वेगळे अर्थ असतात. म्हणूनच ‘रुपया पडला’ या दोन शब्दांवर आनंद किंवा दुःख ठरवता येत नाही. कोणाचा माल, कोणाची मजुरी आणि कोणाचे देणे, हे विचारावेच लागते.

आपल्याला विनंती अशी, की त्या पत्रातील विधानाची दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी आणि ठळकपणे छापावी. बेळगाव सीमाभागात मराठी वर्तमानपत्र हे केवळ बातम्यांचे साधन नाही. येथील मराठी शाळांतील मुलांना संदर्भासाठी पुस्तके मिळणे आधीच अवघड झाले आहे, शिक्षक कात्रणे जपून ठेवतात आणि त्यांवरून निबंध लिहून घेतात. तेव्हा आपण छापलेला आकडा पुढे वर्षानुवर्षे शिकवला जातो. जुने दर छापताना त्यासोबत वर्ष, तो सरकारी होता की बाजारातला, आणि तो थेट डॉलरशी ठरला होता की पौंडामार्फत काढलेला आहे, एवढे तीन तपशील द्यावेत. त्याला फार तर दोन ओळी लागतील.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि पलीकडे चंदगड भागातील ज्या घरांत गोव्याशी सोयरीक किंवा व्यापार होता, तेथे देव्हाऱ्याच्या डब्यात किंवा आजीच्या पेटीत जुने रुपिये आणि तांगा अजून असण्याचा संभव आहे. चांदीच्या भावाने ती नाणी मोडीत घालण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत, कोणी कोठून आणली ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि शक्य असल्यास आपल्या दैनिकाकडे पाठवावे. आपण त्यासाठी रविवारच्या पुरवणीत थोडी जागा दिलीत तर सीमेवरच्या व्यवहाराचा हा इतिहास निदान नोंदला जाईल.

दुरुस्ती छापताना एक सूचना. 1947 चा दर ‘3 रुपये 31 पैसे’ असा दिला, तर तेव्हा शंभर पैशांचा रुपया होता असा नवा गैरसमज होईल. दशमान पद्धतीचे नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले. म्हणून ‘3 रुपये 4 आणे 11 पै’ हा आकडाही शेजारी द्यावा, आणि सोळा आण्यांचा रुपया व बारा पैंचा आणा हे प्रमाण कंसात नमूद करावे, म्हणजे मुलांना भागाकार स्वतः करून पाहता येईल.

आपला विश्वासू,
वाणिज्य शाखेचा एक निवृत्त शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव